मनगटात दबलेली नस आणि उष्णताचित्रण : नव्याने शिकणाऱ्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

मनगटात मीडियन नर्व्ह दबल्यामुळे होणाऱ्या विकाराच्या, म्हणजेच कार्पल टनेल सिंड्रोमच्या निदानासाठी थर्मल कॅमेऱ्याची मदत घ्यायची असेल, तर कॅमेरा हातात घेण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे : या कॅमेऱ्याला नस दिसत नाही. त्याला त्वचेतून बाहेर पडणारी उष्णता दिसते. ती उष्णता त्वचेखालील रक्तप्रवाहावर अवलंबून असते, आणि तेथील रक्तवाहिन्या किती आकुंचित ठेवायच्या याचा आदेश ज्या अनुकंपी (सिम्पथेटिक) तंतूंमार्फत येतो, त्यांतील बरेचसे तंतू मीडियन नर्व्हमधूनच बोटांपर्यंत पोहोचतात. नस दबली की हे तंतूही बिघडू शकतात, त्यामुळे रक्तप्रवाह बदलतो आणि बोटांचे तापमान बदलते. दबाव आणि चित्र यांच्यामध्ये असे तीन दुवे आहेत, आणि प्रत्येक दुव्यावर चहा, तंबाखू, एसी, मधुमेह अशा दुसऱ्याच कशाचा तरी प्रभाव पडू शकतो. हे सर्व प्रभाव एकेक करून दूर सारणे हेच या तंत्रातील खरे काम आहे. चित्र घेणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग होय.

हा लेख नव्याने काम सुरू केलेल्या फिजिओथेरपिस्टसाठी, निवासी डॉक्टरांसाठी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आहे. कार्पल टनेलच्या निदानाच्या नेहमीच्या पद्धतींत उष्णताचित्रणाचा समावेश नाही. रुग्णाची हकीगत, हाताची तपासणी, आणि गरज भासल्यास नर्व्ह कंडक्शन स्टडी (नसेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी चाचणी) किंवा सोनोग्राफी यांवरच निदान उभे राहते. तरीही मला हे तंत्र शिकण्याजोगे वाटते. त्यात सुई नाही, विजेचा झटका नाही, किरणोत्सर्ग नाही, रुग्णाला स्पर्शही नाही. आणि हातातील रक्तप्रवाहाच्या नियंत्रणाविषयी ते असे काही सांगते, जे नेहमीच्या चाचण्या सहसा सांगत नाहीत.

आधी हाताची रचना

मनगटाच्या तळव्याकडील बाजूस लहान हाडांची एक पन्हळ असते आणि तिच्यावर जाड, आडवा अस्थिबंध ताणलेला असतो. या बोगद्यातून बोटे वाकवणारे ९ स्नायुबंध आणि मीडियन नर्व्ह असे १० घटक दाटीवाटीने जातात. स्नायुबंधांभोवतीचे आवरण सुजले, शरीरात पाणी साचले किंवा मनगटाचे हाड मोडून सरकले, तर जागा कमी पडते आणि त्या गर्दीत सर्वांत मऊ असलेली नस दाबली जाते. मनगटाच्या अस्थिभंगानंतर मीडियन नर्व्ह दबल्याचे वर्णन जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्येच केले होते. पुढे १९५० च्या दशकात जॉर्ज फेलन यांच्या लेखनामुळे हा विकार डॉक्टरांच्या नेहमीच्या परिचयाचा झाला.

ही नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडील अर्धी बाजू यांना संवेदना पुरवते. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू अल्नर नर्व्हकडे असते, आणि ती नस या बोगद्यातून जात नाही. निसर्गाने एकाच हातावर तुलनेसाठी दिलेली ही सोय पुढच्या सर्व मोजमापांचा पाया आहे. आणखी एक बारकावा असा, की अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यावरील त्वचेला जाणारी मीडियनची शाखा बोगद्याच्या अलीकडेच फुटून अस्थिबंधाच्या वरून जाते. म्हणून कार्पल टनेलमध्ये बोटे बधिर झाली तरी त्या उंचवट्यावरील त्वचेची संवेदना शाबूत राहते.

पहिली पायरी : खोली

खोलीचे तापमान २२ ते २४ अंश सेल्सिअस असावे आणि रुग्ण आत आल्यापासून चित्र संपेपर्यंत ते एका अंशापेक्षा जास्त बदलू नये. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात किंवा कोकणातील जुलैमध्ये हे एसीशिवाय साधणे कठीण आहे. पण एसीचा झोत किंवा पंख्याचा वारा हातावर आला, तर एसी नसण्यापेक्षाही वाईट परिणाम होतो. सुरुवातीच्या काळात मला एका दिवसाच्या सर्व रुग्णांचा उजवा हात डाव्यापेक्षा थंड आढळला होता. कारण शोधता शोधता लक्षात आले, की एसीची झडप उजवीकडे वळलेली होती. तेव्हापासून रुग्ण बसतो त्या जागी टिश्यू पेपरची पट्टी टांगून ती हलते का, हे मी रोज सकाळी पाहतो. खिडकीतून ऊन येऊ नये आणि जवळपास हीटर, स्टरिलायझर किंवा तापणारा बल्ब असू नये. तापमान व आर्द्रता दाखवणारे साधे यंत्र टेबलावर ठेवावे आणि प्रत्येक रुग्णाच्या वेळी दोन्ही आकडे लिहून ठेवावेत.

दुसरी पायरी : कॅमेरा

मानवी त्वचेच्या तापमानाला उत्सर्जित होणाऱ्या अवरक्त किरणांची तीव्रता साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते, म्हणून साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात पाहणारा कॅमेरा लागतो. त्याच्या माहितीपत्रकातील दोन आकडे नवशिक्याला गोंधळात टाकतात. संवेदनशीलता ०.०५ अंश असे लिहिलेले असते आणि अचूकता उणे-अधिक २ अंश असे लिहिलेले असते. याचा अर्थ असा, की एकाच चित्रातील दोन ठिकाणांमधील लहानसा फरक हा कॅमेरा चांगला टिपतो, परंतु ‘बोटाचे तापमान ३१.४ अंश आहे’ या विधानावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. म्हणून आपले सर्व निष्कर्ष फरकांवर उभारावेत, सुट्या आकड्यांवर नव्हे.

चित्रातील बिंदूंची संख्या किती असावी, याचा हिशेब स्वतः करून पाहावा. बोटे फाकवून ठेवलेले दोन्ही हात मावण्यासाठी साधारण ४० सेंटिमीटर रुंदीची चौकट लागते. आडव्या ओळीत ३२० बिंदू असतील तर प्रत्येक बिंदू सव्वा मिलिमीटरचा होतो आणि १५ मिलिमीटर रुंदीच्या बोटाच्या टोकावर १२ बिंदू पडतात. मोबाइलला जोडायच्या स्वस्त कॅमेऱ्यात ८० बिंदू असतील तर त्याच टोकावर फक्त ३ बिंदू पडतात, आणि त्यांतील कडेचे दोन बिंदू पार्श्वभूमीचे तापमान आपल्यात मिसळून घेतात. अशा कॅमेऱ्यावर शिकावे, पण त्याच्या आधारे मत देऊ नये. ३२० × २४० ही मर्यादा मी किमान मानतो.

कॅमेरा सुरू केल्यावर १५ ते २० मिनिटे तसाच राहू द्यावा, कारण त्याचा स्वतःचा संवेदक स्थिर व्हायला वेळ लागतो. उत्सर्जकता, म्हणजे पृष्ठभाग उष्णता किती चांगली बाहेर टाकतो याचा आकडा, ०.९८ ठेवावी. रंगपट्टीचा आवाका आपोआप बदलू देऊ नये; तो २२ ते ३६ अंश असा कायम ठेवावा, नाहीतर एका रुग्णाचा लाल रंग दुसऱ्याच्या चित्रात हिरवा होतो आणि डोळ्यांची फसवणूक होते. चित्र साठवताना प्रत्येक बिंदूचे तापमान ज्यात राहते ती मूळ फाइलच जपावी. नुसत्या रंगीत फोटोतून नंतर काही मोजता येत नाही.

तिसरी पायरी : रुग्णाची तयारी

वेळ ठरवतानाच रुग्णाला सूचना द्याव्यात. किमान दोन तास आधीपासून चहा-कॉफी, भरपेट जेवण, व्यायाम आणि तंबाखू टाळावी. हाताला तेल, मलम किंवा क्रीम लावू नये. त्या दिवशी शेक, मालीश किंवा फिजिओथेरपीचा उपचार घेऊ नये. तंबाखूचा प्रश्न आपल्याकडे नीट विचारावा लागतो. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर अनेक स्त्रिया मनापासून नाही म्हणतात, कारण मिश्री लावणे म्हणजे तंबाखू घेणे असे त्या मानत नाहीत. ‘मावशी, सकाळी मिश्री लावलीत का?’ असे सरळ विचारावे. मिश्रीतील निकोटीनही बोटांच्या रक्तवाहिन्या आकसवते.

अंगठ्या, घड्याळ, बांगड्या, मनगटाचा पट्टा, मनगटावरचे दोरे हे सर्व काढायला सांगावे. धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, तो आसपासची उष्णता आरशासारखी परावर्तित करतो. काचेतून तर हे किरण पलीकडे जातच नाहीत. काही स्त्रियांना बांगड्या काढणे मनाला लागते. तेव्हा कारण समजावून सांगावे आणि तरीही इच्छा नसेल तर बांगड्या कोपराकडे सरकवून तशी नोंद करावी. जबरदस्ती करू नये. हात नुकतेच धुतलेले नसावेत, कारण पाण्याचा पातळ थरही बाष्पीभवनाने त्वचा थंड करतो.

यानंतर रुग्णाला बाह्या कोपरापर्यंत दुमडून १५ मिनिटे खोलीत बसवावे. हात हृदयाच्या साधारण पातळीवर, एकमेकांना किंवा मांडीला न लागता राहतील असे पाहावे. हातांची घडी, काखेत हात, हातात मोबाइल यांपैकी काहीही चालणार नाही.

चौथी पायरी : हकीगत ऐकणे

ही पंधरा मिनिटे वाया घालवू नयेत. मुंग्या कोणत्या बोटांना येतात, रात्री झोपमोड होते का, जाग आल्यावर हात झटकला की बरे वाटते का, गाडी चालवताना, फोन धरताना, कणीक मळताना किंवा शिवणकाम करताना त्रास वाढतो का, वस्तू हातातून निसटतात का, हे विचारावे. रात्री हात झटकण्याची हकीगत मला कोणत्याही चित्राइतकीच मोलाची वाटते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, गरोदरपण, संधिवात, जुना अस्थिभंग, कंप पावणारी यंत्रे चालवण्याचे काम यांची चौकशी करावी. मानेपासून हातात उतरणारी कळ असेल तर मानेतील मणक्यांजवळ नस दबल्याची शक्यता तपासावी लागते.

हा सर्व वेळ रुग्णाच्या हाताला स्पर्श करायचा नाही. आपल्या बोटांचे ठसे त्वचेवर उष्णतेच्या डागांच्या रूपाने उमटतात आणि काही काळ टिकतात. म्हणूनच येथे तपासणीचा क्रम नेहमीपेक्षा वेगळा आहे : आधी ऐकणे, मग चित्र, आणि त्यानंतर हात हातात घेणे.

पाचवी पायरी : चित्र घेणे

टेबलावर थर्मोकोलचा जाड तुकडा ठेवून त्यावर चमक नसलेले कापड पसरावे. कॅमेरा स्टँडवर, हाताला काटकोनात, सुमारे ६० ते १०० सेंटिमीटर अंतरावर असावा आणि हे अंतर पुन्हा कधी बदलू नये. तिरपे चित्र घेतले तर ६० अंशांपलीकडच्या कोनात त्वचेची उत्सर्जकता घटलेली भासते आणि बोटांच्या कडा खोट्याच थंड दिसतात. आधी हातांच्या पाठीचे चित्र घ्यावे आणि मग तळव्यांचे. टेबलावर टेकलेला तळवा गरम होतो, म्हणून प्रत्यक्ष चित्राच्या क्षणापर्यंत हात अधांतरी ठेवायला सांगावेत. एक मिनिटाच्या अंतराने तीन चित्रे घ्यावीत. तिन्हींत बोटांचे तापमान एकाच दिशेने चढत किंवा उतरत असेल तर हात अजून स्थिरावलेला नाही असे समजून आणखी दहा मिनिटे थांबावे.

सहावी पायरी : हाताची तपासणी

आता हात तपासावा. मनगट पूर्ण वाकवून ६० सेकंद धरणे ही फेलनची चाचणी, नसेवर टिचकी मारणे ही टिनेलची, आणि अंगठ्यांनी बोगद्यावर ३० सेकंद दाब देणे ही डर्कनची. बोटांची संवेदना तपासावी, अंगठा तळव्यापासून वर उचलण्याची ताकद पाहावी आणि अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा वाळला आहे का हे दुसऱ्या हाताशी ताडून पाहावे. महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, कोपराशी व मनगटाच्या वर नसा चाचपून पाहणे आणि त्वचेवर बधिर, फिकट चट्टा आहे का हे तपासणे कधीही विसरू नये. कुष्ठरोगातही अल्नर आणि मीडियन नर्व्ह बाधित होतात, घाम थांबतो, हात कोरडा आणि थंड पडतो. आणि वेळेवर ओळखला तर औषधांनी पूर्ण बरा होणारा हा आजार केवळ ‘नस दबली आहे’ म्हणून दुर्लक्षित राहणे मोठ्या हानीचे ठरते.

सातवी पायरी : आकडे काढणे

संगणकावर तळव्याच्या चित्रात तर्जनी, मधले बोट आणि करंगळी यांच्या शेवटच्या पेरांवर सारख्या आकाराची वर्तुळे काढावीत, तसेच तळव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांवरही. वर्तुळ कडेपासून आत असावे आणि त्यातील सर्वाधिक नव्हे, तर सरासरी तापमान घ्यावे. अनामिका दोन नसांत विभागलेली असल्याने ती या हिशेबात घेऊ नये. मग तर्जनी व मधले बोट यांच्या सरासरीतून करंगळीचे तापमान वजा करावे.

समजण्यासाठी काल्पनिक आकडे घेऊ. उजव्या हाताची तर्जनी ३०.४, मधले बोट ३०.६ आणि करंगळी ३२.१ असेल, तर फरक उणे १.६ अंश. डाव्या हाताची तर्जनी ३२.०, मधले बोट ३२.२ आणि करंगळी ३२.४ असेल, तर फरक उणे ०.३. येथे उजव्या हातात मीडियनचा प्रदेश अल्नरच्या प्रदेशापेक्षा ठळकपणे थंड आहे. निव्वळ उजव्या-डाव्याची तुलना केली असती तर ती पुरेशी ठरली नसती, कारण कार्पल टनेल पुष्कळदा दोन्ही हातांना असतो आणि दोन्ही बाजू सारख्याच बिघडलेल्या असल्या की फरक दिसतच नाही. एकाच हातातील दोन नसांच्या प्रदेशांची तुलना करण्याचा आग्रह मी यासाठीच धरतो.

किती फरक म्हणजे विकार, याचा सर्वमान्य आकडा नाही. म्हणून प्रत्येकाने आपल्याच खोलीत, आपल्याच कॅमेऱ्याने, हाताची काहीही तक्रार नसलेल्या २५-३० प्रौढांची चित्रे त्यांच्या संमतीने आधी घ्यावीत आणि त्यांच्यातील फरकांचा पल्ला लिहून ठेवावा. हे काम कंटाळवाणे आहे खरे. पण ते न करता रुग्णांची चित्रे वाचू लागणे म्हणजे मापाशिवाय कापड कापणे होय.

आठवी पायरी : वाचन आणि त्यातील चकवे

दबलेल्या नसेचा प्रदेश थंड दिसतो की उष्ण? दोन्ही आढळते, आणि ते विसंगत नाही. अनुकंपी तंतू चिडले तर रक्तवाहिन्या आकसतात आणि बोट थंड होते. तेच तंतू निकामी झाले तर आकसण्याचा आदेशच पोहोचत नाही आणि बोट उष्ण होते. आजाराचा काळ, तीव्रता आणि खोलीचे तापमान यांनुसार चित्र बदलते. लहान लहान अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, याचे एक कारण हे असावे. शिवाय सौम्य दाबात पुष्कळदा तापमानात काहीच बदल नसतो. तेव्हा चित्र सामान्य असल्याने विकार नाही, असे कधीही म्हणू नये.

दुसरा चकवा रक्तपुरवठ्याचा आहे. बोटांना रक्त देणाऱ्या धमन्या तळव्यात कमानी करून एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून उष्णतेच्या सीमा नसांच्या सीमांशी तंतोतंत जुळत नाहीत. सगळीच बोटे २५ अंशांखाली असतील तर वाचण्यासारखे काही उरत नाही. रक्तवाहिन्या सरसकट बंद आहेत, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी रेनॉडचा विकार, म्हणजे थंडीने बोटांच्या रक्तवाहिन्या प्रमाणाबाहेर आकसण्याचा त्रास, आहे का ते विचारावे. दीर्घकाळचा मधुमेह हातापायांच्या अनुकंपी तंतूंना स्वतंत्रपणे बिघडवतो. संधिवाताने सुजलेले मनगट स्वतःच तापलेले दिसते.

या मोजमापांचा एक फायदा अनपेक्षित दिशेने होतो. नर्व्ह कंडक्शन स्टडीत हात थंड असेल तर निरोगी नसेतही संदेश मंदावतो, दर अंशामागे सेकंदाला सुमारे २ मीटर. आणि मग कार्पल टनेल नसताना तो असल्याचा भास होतो. म्हणून हाताची त्वचा ३२ अंशांच्या वर आणूनच ती चाचणी करण्याची पद्धत आहे. चाचणीपूर्वी थर्मल कॅमेऱ्याने हात पाहिला तर कोणाचा हात आधी गरम करायला हवा हे एका क्षणात कळते. माझ्या मते या कॅमेऱ्याचा हा उपयोग सर्वांत निर्विवाद आहे.

नववी पायरी : थंड पाण्याची चाचणी

स्थिर चित्र संदिग्ध असेल तर ही चाचणी करता येते. हातात पातळ प्लॅस्टिकचे मोजे घालून, हात भिजणार नाहीत असे पाहून, २० अंशांच्या पाण्यात १ मिनिट हात बुडवायचे, मोजे काढायचे आणि पुढील १० मिनिटे दर मिनिटाला चित्र घ्यायचे. येथे एका क्षणाच्या तापमानापेक्षा बोटे पुन्हा उबदार होण्याचा वेग पाहायचा असतो, आणि तर्जनी-मधले बोट करंगळीच्या तुलनेत मागे राहतात का याकडे लक्ष द्यायचे असते. तीव्र रेनॉड, हृदयविकार, हातावर जखम किंवा थंडीने अंगावर गांधी उठण्याची प्रवृत्ती असेल, तर ही चाचणी करू नये. नवशिक्याने पहिली पन्नास चित्रे होईपर्यंत हिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

दहावी पायरी : अहवाल

अहवालात खोलीचे तापमान व आर्द्रता, स्थिरावण्याचा काळ, कॅमेऱ्याची मांडणी, प्रत्येक बोटाची सरासरी, दोन्ही हातांतील मीडियन-अल्नर फरक आणि तयारीत राहिलेल्या त्रुटी लिहाव्यात. निष्कर्षाची भाषा जपून वापरावी. ‘कार्पल टनेल सिंड्रोम आढळला’ असे लिहू नये. ‘उजव्या हातात मीडियन नर्व्हच्या प्रदेशात तापमानाची असमानता आहे, ती रुग्णाच्या हकीगतीशी व तपासणीशी सुसंगत आहे, नर्व्ह कंडक्शन स्टडी किंवा सोनोग्राफी सुचवली जाते’ असे लिहिणे योग्य ठरेल. सोनोग्राफीत मनगटाच्या घडीजवळ मीडियन नर्व्हचा छेद साधारण १० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा भरला, तर नस दबून फुगल्याची शंका बळावते. तो आकडा मिळाला की आपल्या चित्राशेजारी नोंदवून ठेवावा. अशा जोड्या वर्षभर जमवत गेल्यास आपल्या वाचनातील चुका आपल्यालाच दिसू लागतात.

काही रुग्णांसाठी मात्र चित्राची वाट पाहणेच चूक आहे. अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा वाळू लागला असेल, बधिरपणा दिवसरात्र टिकून असेल किंवा अंगठ्याची ताकद गेली असेल, तर रुग्णाला हाताच्या शल्यचिकित्सकाकडे किंवा अस्थिरोगतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात पाठवावे. मनगटाला दुखापत झाल्यावर काही तासांत बधिरपणा आणि वेदना झपाट्याने वाढत असतील, तर ती तातडीची अवस्था आहे आणि रुग्णाला तत्क्षणी रुग्णालयात न्यावे. बाकीच्यांना, अहवाल येईपर्यंतही, रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपण्याचा सल्ला डॉक्टरांच्या संमतीने देता येतो. आणि पुढच्या भेटीत आधी रात्रीच्या झोपेची चौकशी करून मगच कॅमेरा सुरू करावा.